माडीच्या सज्जाखाली पाकोळ्यांची घरटी आणि ५ मेला गवंडी येणार. काय करावं?

खानापूरवाली (२२ एप्रिल)

नमस्कार मंडळी. घाई आहे म्हणून सरळ विचारते.

आमचं खानापुरातलं घर पणजोबांनी बांधलेलं. खाली जांभ्या दगडाच्या भिंती, वर माडी, माडीला रस्त्याच्या बाजूने लाकडी सज्जा. गेल्या पावसाळ्यात माडीवर तीन ठिकाणी बादल्या ठेवून झोपलो. सज्जाच्या दोन तुळयांचा भुसा झालाय, बोट लावलं की आत जातं. इथला पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, मिरग निघाला की गणपतीपर्यंत उसंत नाही. म्हणून कौलं उतरवून वासे-रीपा बदलायच्या, सज्जा काढून नवा करायचा आणि दर्शनी भिंतीला गिलावा करायचा, असं सगळं एकदमच ठरवलं. गवंडीमामांनी ५ मे तारीख दिली आहे. ती मिळवायला मला दोन महिने लागले.

परवा मापं घ्यायला सज्जाखाली शिडी लावली आणि वर बघितलं तर तुळयांच्या बेचक्यात घरटी. अकरा मोजली. पिसं, काड्या, दोऱ्याचे तुकडे असं सगळं एकमेकांना चिकटून झालेला गोळा आणि बाजूला लहानसं तोंड. संध्याकाळी काळे पक्षी किंचाळत गल्लीभर घिरट्या घालतात आणि सुसाट आत शिरतात. शिवाय भिंतीत जुन्या परांचीची भोकं राहिलीत, त्यातल्या चारांत चिमण्या आहेत.

आई म्हणते, मी लग्न होऊन आले तेव्हापासून ही पाखरं इथं आहेत, यांना हात लावायचा नाही. पुण्याचा भाऊ म्हणतो, पावसात सज्जा खाली आला आणि कोणाच्या डोक्यावर पडला तर? मला दोघांचंही पटतं आणि तिथंच अडलंय. कोणी असं काम केलंय का? घरटी न मोडता?

टिळकवाडी७ (२२ एप्रिल)

फोटो टाका ना. दुपारी हे पक्षी विजेच्या तारेवर बसलेले दिसतात का?

खानापूरवाली (२२ एप्रिल)

नाही हो, कधीच नाही. आईलाही विचारलं. ती म्हणाली, ही पाखरं बसतच नाहीत. आत जातात नाहीतर उडत असतात.

रानवाट (२२ एप्रिल)

मग या पाकोळ्याच. तारेवर रांगेत बसतात त्या भिंगऱ्या, त्यांची घरटी चिखलाच्या गोळ्यांची असतात. पाकोळी पिसं, काड्या, उडता कापूस असं हवेतच पकडते आणि स्वतःच्या लाळेने चिकटवते. तिचे पाय इतके तोकडे असतात की तिला फांदीवर बसता येत नाही. चारही बोटं पुढे वळतात, त्यांनी ती उभ्या भिंतीला लटकते. खाणं, पाणी पिणं, घरट्याचं सामान जमवणं, सगळं उडता उडता.

आता तुमच्या प्रश्नाकडे. अंडी दोन-तीन असतात. ती उबायला तीनेक आठवडे लागतात आणि पिल्लं उडायला पुढे पाच-सहा आठवडे. चिमणीचं पिल्लू पंधरा-सोळा दिवसांत भुर्रकन जातं, पाकोळीला वेळ लागतो, कारण घरट्यातून बाहेर पडल्याक्षणी तिला पूर्ण उडता यावं लागतं. मधे फांदीवर बसून सराव करायची सोय नाही. आत्ता अंडी असतील तर जूनअखेर धरा.

शिडीवरून आत हात घालू नका. खाली खुर्ची टाकून सकाळी तासभर बसा. परत येणाऱ्या पक्ष्याचा गळा फुगलेला दिसला तर आत पिल्लं आहेत. शेकडो किडे लाळेत गुंडाळून त्याची गोळी ते गळ्यात आणतात.

आणखी एक. लोक सांगतात, विणीचा हंगाम झाला की घरटी काढा. पाकोळीला हे लागू नाही. आपल्याकडच्या या लहान पाकोळ्या त्याच घरट्यात वर्षभर रात्रीच्या झोपायला येतात. दिवाळीत काढलं तरी कोणाचं तरी घर जातंच, फक्त पिल्लं मरत नाहीत.

निपाणीकर (२३ एप्रिल)

मी जरा उलट बोलतो, राग मानू नका.

आमच्या शेजारी दोन वर्षांपूर्वी जुन्या घराचा सज्जा रात्री पावसात कोसळला. दिवसा कोसळला असता तर खाली दूधवाला, शाळेची पोरं, कोणीही असतं. ताई, तुमची तुळई बोटाने फुटते म्हणताय. तिथे जूनअखेरपर्यंत थांबा हा सल्ला मी माझ्या बहिणीला देणार नाही. पक्षी दुसरीकडे घरटं बांधतील, माणूस परत येत नाही.

रानवाट (२३ एप्रिल)

निपाणीकर, सज्जा तसाच लोंबकळत ठेवा असं कोणीच म्हणत नाही. पण 'दुसरीकडे बांधतील' हे तितकं सोपं नाही. कुठे बांधणार? नव्या घरांना सज्जा नाही, वळचण नाही, भिंतीत भोक नाही. वरून खालपर्यंत गुळगुळीत पुट्टी आणि काच. या गल्लीत अकरा जोड्या एकाच घरी का आहेत? कारण बाकीची घरं स्लॅबची झाली.

वडगावची_वैनी (२३ एप्रिल)

खानापूरवाली, मी हे चुकीचं करून बसले आहे, म्हणून लिहिते.

आमच्या वडगावात घराघरात माग होते. आमच्या मागाच्या खोलीच्या छपराखाली पाकोळ्यांची पाच घरटी होती. नणंदेच्या लग्नाला रंग काढायचा म्हणून मीच रंगाऱ्याला सांगितलं, ते सगळं खरवडून टाक. तो बांबूला खुरपं बांधून ओढायला लागला. एक घरटं अख्खंच्या अख्खं माझ्या पायाशी पडलं. उचललं तर हाताला मऊ, वाळलेल्या सायीसारखं. त्यात आमच्याच मागाचे धागे होते. हिरवे, केशरी, जरीचा एक बारीक तुकडा. आमच्या खोलीतून जे उडून जायचं ते पाखरांनी वेचून परत आमच्याच छपराला लावलं होतं. आत दोन पिल्लं होती, डोळे न उघडलेली.

कापसात ठेवली, दूध-पोळी भरवली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही गेली होती. मला तेव्हा माहीत नव्हतं की त्यांना दूध चालत नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. नणंदेच्या मुलीचं आता लग्न ठरलंय, इतकी वर्षं झाली. तरी गिलाव्याला खरवडल्याचा आवाज ऐकला की मला ते पायाशी पडलेलं घरटं दिसतं.

तारीख पुढे ढकलता येत असेल तर ढकला गं.

टिळकवाडी७ (२३ एप्रिल)

वैनी, वाचून गलबललं. पिल्लांचं माहीत नाही, पण मोठी पाकोळी जमिनीवर सापडली तर दरवेळी ती जखमीच असते असं नाही. सपाट जमिनीवरून उठायला तिला जड जातं. तळहातावर घेऊन मोकळ्या जागी, खाली गवत असेल तिथे, हात उंच धरायचा. फेकायचं नाही. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी एकदा असं केलं. दहा-बारा सेकंद ती बोटाला नखं रुतवून थरथरत राहिली आणि मग हात एकदम हलका झाला.

गवंडीआण्णा (२३ एप्रिल)

मी गवंडीकाम करतोय तीस वर्सं. बेळगाव, खानापूर, चंदगड सगळीकडं. अक्का, तुमचं काम हुतंय, काळजी करू नका. खरं क्रम बदलायला लागतोय.

पयलं सज्जाला खालनं टेकू द्या. चार इंची लोखंडी जॅक भाड्यानं मिळत्यात, खाली फळी टाकून पाच-सहा जॅक लावा. तुळई कुजलेली हाय तिथं दोन्ही बाजूनं फळ्या मारून बोल्टनं आवळा. म्हंजे सज्जा पडत न्हाई. खालनं जायची वाट बंद करा, दोरी बांधा. निपाणीकर मामा म्हंत्यात ते खरंच हाय, माणसाचं आधी. खरं माणसाचं झालं की पाखराचं बी हुतंय.

मग कौलं. परड्याच्या बाजूनं सुरू करा. माडीचं मागलं पाख, मग पुढलं. सज्जाच्या वरलं दोन हात सगळ्यात शेवटी, आनि ते सकाळी दहा ते चार या टायमालाच करा. पाट्या वरनं खाली फेकू देऊ नका, दणका बसला की अंडं फुटतंय.

परांची भिंतीला चिकटून बांधायची न्हाई, तीन फूट लांब बांधायची. पाखराला आत जायला वाट पायजे. हिरवी जाळी तर अजिबात लावू नका, त्यात पाय अडकून मरत्यात, मी बघितलंय.

दर्शनी भिंतीचा गिलावा दिवाळीनंतर. एवढ्या पावसात तसाबी तो धरत न्हाई. चिमणीची भोकं बुजवू नका, तोंड तेवढं नीट करून द्या.

खानापूरवाली (२३ एप्रिल)

आण्णा, तुमचे उपकार कसे मानू! हे मी जसंच्या तसं आमच्या मामांना वाचून दाखवते.

नोटरी_गल्ली (२४ एप्रिल)

कायद्याचं थोडं सांगतो, कारण हे फारसं कोणाला माहीत नसतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाची व्याख्या आहे. बंदुकीने मारणं एवढाच तिचा अर्थ नाही. वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंडी किंवा घरटी विस्कटणं हेही त्यात धरलंय. २०२२ च्या दुरुस्तीने कायद्याच्या सहा परिशिष्टांची, म्हणजे प्राणी-वनस्पतींच्या याद्यांची, चार झाली, १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. व्याख्येतलं हे कलम तसंच आहे.

झाडांचं वेगळं. कर्नाटकात १९७६ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. झाड तोडायचं तर वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी हवी. सार्वजनिक कामासाठी पन्नासपेक्षा जास्त झाडं तोडायची असतील तर जाहीर सूचना देऊन लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. आपल्या भागातली अडचण अशी की सूचना कन्नडमध्ये लागते आणि आपली माणसं ती वाचतच नाहीत. मुदत संपते, मग करवत लागल्यावर आपण रस्त्यावर येतो.

निपाणीकर (२४ एप्रिल)

वकीलसाहेब, कायदा बरोबर असेल. पण त्याची भीती घातली की लोक काय करतात सांगू? कोणाला कळायच्या आत रात्रीच घरटी काढून टाकतात. आण्णांनी टेकू लावायला सांगितलं त्याने जे होईल ते कलम दाखवून होणार नाही. मी काल उलट बोललो होतो. टेकूचं वाचून माझं मत बदललं.

अनुजा_हलगा (२४ एप्रिल)

सूचना कन्नडमध्ये असेल तर मला पाठवा, मी मराठीत करून देईन. हरकतीचा अर्जही कन्नडमध्ये लिहून देईन. माझं शिक्षण कन्नड माध्यमातलं. पाखरांच्या कामाला भाषा आड यायला नको.

आणि आमच्या घरी चिमणीला गुब्बीच म्हणतात बरं का. आजी मराठी, पण गुब्बीच.

टिळकवाडी७ (२४ एप्रिल)

आमच्याकडेही! लहानपणी मला वाटायचं चिमणी आणि गुब्बी हे नवरा-बायको आहेत.

जांबोटीकर (२४ एप्रिल)

आणि धनेशाला मंगट्टे. आमच्या रानात गवळी-धनगर, कन्नड फॉरेस्ट गार्ड आणि आम्ही, तिघांनाही मंगट्टे म्हटलं की कळतं.

मलप्रभाकाठ (२६ एप्रिल)

मी सरकारी बांधकामात इंजिनिअर आहे, खातं सांगत नाही. घरांवर चर्चा झाली, पुलांवरही व्हावी.

मलप्रभा आमच्या तालुक्यात कणकुंबीला उगम पावते. पुढे तिच्यावर आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांवर कितीतरी लहान पूल आणि मोऱ्या आहेत. जवळपास प्रत्येक मोरीखाली भिंगऱ्या असतात. काही ठिकाणी एकमेकांना चिकटून चिखलाच्या घरट्यांचा अख्खं पोळं लागलेलं असतं. आम्ही डागडुजी कधी करतो? मार्च ते मे. निधी मार्चअखेर खर्च दाखवायचा असतो, पाणी आटलेलं असतं, पावसाआधी काम संपवायचं असतं. कागदावर सगळं बरोबर. आणि नेमके तेच महिने पाखरांचे.

अंदाजपत्रकात आम्ही खडी, सिमेंट, मजुरी, डिझेल सगळं लिहितो. पुलाखाली काय आहे हे लिहायला रकाना नाही. ठेकेदार पोरगं पाठवतो, ते पाइपने पाणी मारून घरटी पाडतं, कारण सिमेंटचा लेप स्वच्छ पृष्ठभागावर बसायला हवा. त्या पोराला कोणी काही सांगितलेलं नसतं.

यंदा मी एवढंच केलं. माझ्याकडच्या चार मोऱ्यांची पाहणी जानेवारीत स्वतः उतरून केली. जिथे जुनी घरटी होती ती दोन कामं आधी घेतली आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उरकली. भेगा बुजवल्या, लेप अर्धवट ओला असताना त्यावर खरखरीत हात मारला. भिंगरीच्या चिखलाला गुळगुळीत सिमेंट धरत नाही. परवा गेलो तर दोन्हीकडे नवीन चिखल लागलाय. वरिष्ठांची परवानगी लागली नाही, जास्तीचा पैसा लागला नाही. कामांचा क्रम तेवढा बदलला.

रानवाट (२६ एप्रिल)

खरखरीत हात! हे मला सुचलं नसतं. तुमच्यासारखा एक माणूस प्रत्येक उपविभागात हवा.

जांबोटीकर (२७ एप्रिल)

घर आणि पूल झाले, आता देऊळ.

आमच्या शेजारच्या गावात देवळाचा जीर्णोद्धार निघाला. वर्गणी मीही दिली. गाभाऱ्याच्या वरच्या पोकळीत वटवाघळं होती, त्यांची घाण आणि वास येतो म्हणून झरोक्यांना जाळी मारायची ठरलं. मारली भर दुपारी. दुपारी वटवाघळं आत असतात हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. तिसऱ्या दिवशी देवळात उभं राहवेना. जाळी काढली तेव्हा माद्या जाळीलाच लटकून मेलेल्या आणि पोटाला पिल्लं चिकटलेली. बहुतेक जातींत मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं, म्हणजे एका दुपारी किती वर्षांचं गेलं याचा हिशेब करा.

बंद करायचंच असेल तर पिल्लं उडती झाल्यावर, रात्री सगळी बाहेर पडल्यावर आणि एक झरोका आठवडाभर उघडा ठेवून.

आता हे मी का लिहितोय? आपल्याच तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे, डिसेंबर २०११ मध्ये जाहीर झालं, सुमारे १९० चौरस किलोमीटर. त्यातल्या बारापेडे गुहांत रॉटनचं वटवाघूळ राहतं. मोठे, पुढे झुकलेले कान आणि शेपटीचं टोक मोकळं. १९१३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं ते इथल्याच नमुन्यांवरून, आणि पुढे कित्येक दशकं साऱ्या जगात त्याची ठाऊक असलेली वसाहत ही एकच होती. नंतर मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. कायद्यात वाघाला जे पहिलं परिशिष्ट, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण, तेच याला. देवळातली वटवाघळं ती नव्हेत, पण देवळात जाळी मारणारा माणूस आणि गुहेपर्यंत रस्ता हवा म्हणणारा माणूस एकाच गावचा असतो. वाघाचं नाव काढलं की सगळे ऐकतात. वटवाघळाचं कोण ऐकणार?

माळावरचा (२७ एप्रिल)

जांबोटीकर, धनेशाचंही लिहा ना, तुम्ही मागे सांगितलं होतं.

जांबोटीकर (२७ एप्रिल)

लिहितो. धनेशाची मादी ढोलीत शिरते आणि तोंड लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट ठेवते. आत बसल्यावर तिची उडायची पिसं गळतात, म्हणजे त्या काळात ती उडूच शकत नाही. नर उंबर-वडाची फळं आणून फटीतून भरवतो. आता असं झाड रस्त्यासाठी पाडलं तर? पक्षी उडून जाईल म्हणणाऱ्याने हे लक्षात घ्यावं. ती जात नाही, ती आतच असते. आणि बाहेरून बघणाऱ्याला ते निव्वळ पोकळ, निकामी झाड दिसतं. तोडायच्या यादीत पोकळ झाडं सगळ्यात आधी लागतात.

दांडेली-काळीच्या पट्ट्यात चार प्रकारचे धनेश आहेत. तिथूनच पुढे जाणारी कॅसलरॉक ते कुळे ही रेल्वेलाइन. तिच्या दुहेरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. म्हणजे ऐकणारे अगदीच नाहीत असंही नाही.

माळावरचा (२८ एप्रिल)

रस्त्याकडेच्या चिंचांचं मला बोलायचं आहे. गाय बगळे, लहान बगळे, ढोकरी यांची वसाहत अशा चिंचेवर, वडावर असते आणि त्यांची वीण पावसाळ्यात. मे महिन्यात झाड रिकामं दिसतं. सर्वे तेव्हाच होतो, 'पक्षी नाहीत' असं लिहिलं जातं. तोड सुरू होते ऑगस्टमध्ये.

२०२२ च्या सप्टेंबरात केरळात, मलप्पुरम जिल्ह्यात, राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या रुंदीकरणात असंच एक झाड यंत्राने पाडलं. झाड कोसळताना बगळ्यांची पिल्लं रस्त्यावर पडून मेली. त्याचा व्हिडिओ देशभर फिरला आणि वनखात्याने गुन्हा नोंदवला. मी तो व्हिडिओ एकदाच बघितला. झाड वाकतंय, आणि मोठे बगळे पांढऱ्या कागदांसारखे वर उडतायत, आणि खाली...

आमच्या रस्त्यावर अशा तीन चिंचा आहेत. खोडावर लाल आकडे पडलेत. अनुजाताई, सूचना अजून लागलेली नाही, लागली की फोटो पाठवतो. तोवर मी दर रविवारी झाडाखाली उभा राहून विष्ठा, पिसं, अंड्यांची टरफलं यांचे तारखेसह फोटो काढतो. गेल्या पावसाळ्यातले पण आहेत. 'इथे पक्षी नाहीत' असं लिहिलं गेलं तर हे पुढे ठेवता येईल.

अनुजा_हलगा (२८ एप्रिल)

पाठवा. आणि तोड दिवाळीनंतर करा एवढी मागणीही अर्जात घालू. झाड वाचवता आलं नाही तरी पिल्लं वाचतील. दोन्ही मागण्या वेगवेगळ्या लिहू, म्हणजे एक फेटाळली तरी दुसरी राहील.

कुंभारवाडा (२९ एप्रिल)

चिमण्यांसाठी माझ्याकडून. आमचा धंदाच मातीचा, खानापूरची माती त्यासाठी चांगलीच. लहान मडक्याला ओलं असतानाच सव्वा इंचाचं भोक पाडून भाजायचं. सव्वा इंचापेक्षा मोठं नको, साळुंकी शिरते. भिंतीत गिलावा करताना मडकं आडवं बसवून टाकायचं, भोक तेवढं बाहेर. टांगलेलं मडकं हलतं, चिमणीला आवडत नाही. मागच्या बाजूला एक झाकण, लागेल तेव्हा काढून धुता यावं म्हणून. ऊन थेट येतं त्या भिंतीला लावू नका, आत भाजून निघतात.

खानापूरवाली (७ मे)

उशीर झाला, घरात धूळच धूळ आहे.

सकाळी खुर्ची टाकून बसले. सात घरट्यांत गळा फुगलेले पक्षी जाताना दिसले, दोन घरट्यांत मला काही कळलं नाही, दोन रिकामी असावीत. चिमण्यांची एक खेप उडून गेली आहे, पण नर पुन्हा काड्या आणतोय.

गवंडीमामा आधी चिडले. म्हणाले, पाखरासाठी जॅकचं भाडं भरणारं घर मी पहिल्यांदा बघतोय. मी आण्णांचा प्रतिसाद मोठ्याने वाचला. तिसऱ्या ओळीला त्यांनी फोन हातातून घेतला आणि स्वतः वाचायला लागले. मग म्हणाले, "ह्या माणसानं काम केलेलं हाय." ५ तारखेला मागल्या बाजूने सुरुवात झाली. सहा जॅक लावलेत. सज्जाखाली दोरी बांधून आईने तिला लाल फडकं बांधलंय.

खर्च: जॅकचं दोन महिन्यांचं भाडं आणि दर्शनी परांची दिवाळीत पुन्हा बांधायची मजुरी. भावाने जॅकचं भाडं पाठवलं, न मागता.

निपाणीकर (७ मे)

भावाला माझा नमस्कार सांगा.

वडगावची_वैनी (७ मे)

आईंना पण.

नवखा_चिकोडी (१९ मे)

धागा आज वाचला. आमच्या विहिरीवर बाभूळ वाकली आहे, तिला सुगरणीची जुनी घरटी लोंबतायत. विहीर उपसून कठडा बांधायचाय, बाभूळ आड येते. आता घरटी रिकामी आहेत, म्हणजे तोडली तर चालेल ना?

रानवाट (१९ मे)

थांबा! सुगरण पावसाळ्यात बांधते आणि बहुतेक त्याच झाडाकडे परत येते. पाण्यावर वाकलेली काटेरी फांदी तिला हवीच असते, तिथे साप-मुंगूस सहजासहजी पोचत नाही. विहीर आत्ता उपसा, कठडा तीन बाजूंनी बांधून घ्या. बाभळीच्या बाजूचा कठडा पाऊस संपला की. फक्त वाटेत येणारी एखादी खालची फांदी छाटा, पाण्यावरच्या ठेवा.

नवखा_चिकोडी (२० मे)

वडिलांना विचारलं. ते म्हणाले, बाभूळ तुझ्या आजोबांनी पण तोडली नव्हती, तू का तोडतोस? झालं, विषय संपला.

गवंडीआण्णा (२ जून)

अक्का, वळीव झोडपायलाय. सज्जा कसा हाय? जॅकच्या खालची फळी भिजून बसली असेल, पाचर मारून घट्ट करा.

खानापूरवाली (२ जून)

आण्णा, मामांनी काल संध्याकाळीच येऊन मारल्या. तुमचा नंबर द्या म्हणत होते.

खानापूरवाली (९ जुलै)

छप्पर पूर्ण झालं. माडीवर यंदा एकही बादली नाही. आई पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री मुद्दाम माडीवर झोपली.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात सज्जाखालचा आवाज बदलला. पिल्लं घरट्याच्या तोंडाशी येऊन पंखांवर अंग उचलायची, परत आत सरकायची. २९ तारखेला संध्याकाळी पाऊस उघडला होता. सव्वासहा वाजता एक बाहेर पडलं. पडलंच, सरळ खाली, माझा श्वास थांबला. दोरीच्या लाल फडक्यापर्यंत आलं आणि तिथून वळून समोरच्या कौलांवरून वर गेलं. आई म्हणाली, "गेलं बघ." त्या संध्याकाळी चार गेली. एक पिल्लू आधीच्या आठवड्यात मेलेलं सापडलं, खाली फळीवर. ते मी परड्यात पुरलं.

काल दिवेलागणीला मोजले. एकवीस पक्षी आत झोपायला आले. म्हणजे रानवाट म्हणाले ते खरं, ती जात नाहीत. सज्जा आता दिवाळीनंतर. पण मग नव्या सज्जाखाली या एकवीस जणांचं काय? मामा म्हणतात, लोखंडी चॅनेल टाकू, पन्नास वर्षं बघायला नको.

मलप्रभाकाठ (९ जुलै)

लोखंडाला रंग दिला की गुळगुळीत, आणि उन्हात तापतं. लाळ धरणार नाही. सगळ्या तुळया कुजल्या आहेत का?

खानापूरवाली (१० जुलै)

नाही. भुसा झालाय तो डावीकडच्या दोन. उजवीकडच्या तीन ठणठणीत आहेत, सागवान. आणि आत्ता जाऊन बघितलं, अकरातली आठ घरटी त्या तिनांवर आहेत.

गवंडीआण्णा (१० जुलै)

मग त्या तीन तशाच ठेवा की! डावीकडं चॅनेल घाला, वरनं जुनी फळी मारा, रस्त्यावरनं फरक दिसत न्हाई. चॅनेलच्या पोटाला लाकडाची रीप ठोका, रंधा मारू नका, खरखरीतच ऱ्हाऊ दे. तिकडं बी येतील.

दिवाळीत मी येतो एक दिवस. मामांना सांगा, चहा त्यांच्याकडं.